एरियलखालचा पत्रा

आप्पा,

परवा तुमच्या दहाव्याला मी घाटावर आलो होतो. लोकांच्या मागं, बाभळीपाशी उभा राहिलो. पिंड ठेवून पाऊण तास झाला तरी कावळा शिवेना. घोडनदी अजून गढूळच होती, तिसऱ्या पायरीला लागलेली, आणि माणसं पिंडापेक्षा पाण्याकडंच जास्त बघत होती. तुमच्या भावानं हात जोडून सांगितलं, धाकट्या पोरीचं लग्न आम्ही करून देऊ. कावळा जागचा हलला नाही. कुणी म्हणालं, मेंढरं इकली ते मनात असंल. मग एक म्हातारा म्हणाला, "सेटचं काय तरी राहिलं असंल. हापिसातलं कोन आलंय का?" दोघातिघांनी मागं वळून पाहिलं. मी मान खाली घातली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला.

मी बौद्ध माणूस, कावळ्यावर माझा विश्वास नाही. तरी त्या पाऊण तासात माझा सदरा पाठीला चिकटला. तुमचं काय राहिलं होतं ते त्या गर्दीत मला एकट्यालाच ठाऊक होतं. तुम्ही मला तीनदा एकच गोष्ट विचारलीत आणि तिन्ही वेळा मी खोटं बोललो.

तुम्हाला यातलं बरंचसं माहीत आहे. तरी मला पहिल्यापासून सांगू द्या. मधेच सुरुवात केली तर मी पुन्हा सोयीचं तेवढंच सांगेन.

दुष्काळाची वर्षं सरून पाऊस नीट पडायला लागला, तेव्हा खात्यानं शिरूरला आणि दौंडला एकेक वायरलेस सेट दिला. तुम्ही शिरूरला. नदीतली पट्टी वाचायची, पाणी किती चढलं ते सकाळी सहा, दहा, दोन आणि संध्याकाळी सहाला बोलायचं. मी दौंडला. ऐकायचं, वहीत लिहायचं, आणि पाणी धोक्याच्या खुणेवर जाणार असं दिसलं की कचेरीत आणि नदीकाठच्या वस्तीत सांगायचं. घोडनदीचं पाणी भीमेत उतरून दौंडला पोचायला काही तास लागतात. लोकांच्या हातात तेवढेच तास. फोन होता, पण जरा वारं सुटलं की त्याची तार कुठंतरी तुटलेली असायची. तुमची खरी नेमणूक मेकॅनिकची. दोन्हीकडचे सेट तुम्हीच बघायचात, पट्टी वाचणं तुमच्या अंगावर पडलेलं होतं.

मी कामावर हजर झालो त्या दिवशी तुम्ही दौंडला आला होता. मला बघून विचारलंत, "गाव कुठलं तुझं?"

मी म्हणालो, "भांडगाव."

गाव विचारलं की पुढचा प्रश्न कुठला येतो ते मला लहानपणापासून माहीत आहे. आडनाव, मग आळी, मग गप्प बसणं. मी तयार होऊन उभा होतो. तुम्ही विचारलंत, "तितं पानी किती येळात चढतं?"

"भांडगावाला नदी न्हाई आप्पा."

"मग तुला पान्याची सवय न्हाई," तुम्ही म्हणालात. "शिकाया येळ लागंल. बस." आणि माझ्या डब्यातली भाकरी मोडून घेतलीत. पुढं किती वेळा एकत्र जेवलो ते मोजलं नाही, पण ती पहिली भाकरी मला आठवते, कारण तुम्ही ती घेताना माझ्याकडं पाहिलंसुद्धा नव्हतं. तुमचं लक्ष खिडकीबाहेरच्या एरियलकडं होतं.

आपलं एक भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. मी ट्रेनिंगला शिकलो होतो की आपल्या सेटचा आवाज सरळ जातो, टेकडी आडवी आली की अडतो. तुम्हाला ते मान्य नव्हतं. तुमचं बालपण मेंढरांमागं गेलं, शिरूरपासून भीमेच्या काठापर्यंतचा सगळा माळ तुम्ही पायानं तुडवलेला. "ओढ्यात उभं ऱ्हाऊन हाक मारली तर ती ओढ्याओढ्यानं कोसभर जाती," तुम्ही म्हणायचात. "पुस्तकवाल्यानं मेंढरं राखल्यात का?" मी म्हणायचो, हाक वेगळी आणि वायरलेस वेगळी. तुम्ही म्हणायचात, दोन्ही माणसाचाच आवाज. कधीतरी सेट घेऊन ओढ्यात उतरायचं आणि कोण खरं ते बघायचं असं ठरलं होतं.

आता पत्र्याचं सांगतो.

उन्हाळ्यात माझी बायको कौसल्या बाळंत झाली. पावसाळ्यात मला सेटपासून लांब राहता येत नव्हतं, आणि आपली वायरलेसची खोली नदीच्या अंगाला, गावाबाहेर. जवळपास पाच ठिकाणी मी खोली विचारली. चार ठिकाणी नाव सांगेपर्यंत खोली रिकामी होती. पाचव्या ठिकाणी बाईंनी चहा केला, नाव विचारलं आणि चहा खाली ठेवला. रेल्वेलाइनीपलीकडं आमच्या वस्तीत बहिणीचं घर आहे, पण तिथं आधीच सात माणसं एका खोलीत, आणि तिथून पुराच्या रात्री धावत येणं होत नव्हतं. म्हणून मे महिन्याच्या शेवटी मी वायरलेसच्या खोलीच्या मागं पडवी काढली. तीन बाजूंनी तट्ट्या, वर जुने पत्रे. नीट उतार मिळावा म्हणून पत्रे भिंतीवरून वर घेतले, आणि ते थेट एरियलच्या खांबापाशी गेले. खांबाचा एक ताण, म्हणजे त्याला ओढून धरणारी तार, आडवा येत होता, तो सोडून मी दुसरीकडं बांधला. त्यानं खांब जरा कलला. एवढंच. मला तेव्हा ते एवढंच वाटलं.

आणि ते खरं नाही, आप्पा. लोखंडाच्या शेजारी एरियल बहिरी होते, हे तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मला ते आठवलं होतं. हातात पत्रा असतानाच आठवलं होतं. मी मनाशी म्हणालो, चार हात अंतर आहे, चालून जाईल.

जूनमध्ये तुमचा आवाज तुटायला लागला. आधी वाक्याचा शेवटचा शब्द जायचा. मग आकडे. "सात" का "साठ" हे मी दोन-दोनदा विचारायला लागलो. महिन्याभरात असं झालं की सेटला कान लावावा लागे. तुम्ही शिरूरलाच होता, पण ऐकताना वाटायचं, हा माणूस रोज थोडा थोडा मागं जातोय, आणि एक दिवस इतका लांब जाईल की नुसती खरखर उरेल. कौसल्या पडवीतून विचारायची, "कोण बोलतंय? आप्पा का?" मी म्हणायचो, "आप्पाच. पाऊस आहे म्हणून असं येतंय." त्या दिवशी ऊन असायचं.

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, वायरलेसवरच. "किसन, तुझ्याकडं काय बदललंय का? ओव्हर."

"न्हाई आप्पा. ओव्हर."

तुम्ही विश्वास ठेवलात आणि आपल्याच बाजूला खोट शोधायला लागलात. बॅटरी बघितलीत. बोलायचं बटण दाबल्यावर काटा किती खाली येतो ते मला वाचून दाखवलंत. बॅटरी चांगली होती. सगळे जोड उघडून घासलेत. मग खांबावर चढून केबल उतरवलीत, आणि मला बोलावून घेतलंत. मी एस.टी.नं शिरूरला आलो. तुम्ही सुरीनं केबलची साल सोलून दाखवलीत. आतलं तांबं हिरवं पडलं होतं. तुम्ही ती टॉवेलासारखी पिळलीत आणि तिच्यातून पाणी गळालं.

"हे बघ," तुम्ही म्हणालात. "वरच्या जोडावरची टेप सुटल्याली. पाऊस पडतोय आन् केबल पितीया. माजा आवाज खांबापत्तूर जायाच्या आतच मरतोय."

त्या वेळी मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. खोट सापडली होती, आणि ती माझ्याकडची नव्हती. तुम्ही नवी केबल टाकलीत, जोडाला मेणकापड गुंडाळलंत. दौंडला परत येऊन मी सेट लावला. आवाज वाढला होता. पण पूर्वीसारखा झाला नव्हता.

तुम्हाला अर्धं काम मानवायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही त्या दिवसापुरतं शिरूरच्या सेटवर शिपायाला बसवून पाठीवरचा लहान सेट घेतलात आणि शिरूरकडून दौंडच्या बाजूला निघालात, कुठून किती ऐकू येतं ते बघायला. जागोजाग थांबून तुम्ही मला एक ते दहा मोजायला लावलंत. संध्याकाळी मोठ्या सेटवर आलात तेव्हा आवाज थकलेला होता.

"माळावर मला शिरूरचं सगळं ऐकाय येतंय. तुजं दहातलं चार. म्हंजी अर्धा रोग तुज्या बाजूला ऱ्हायलाय. नीट बघ, काय बदललंय का?"

दुसरी वेळ. मी म्हणालो, "काय न्हाई आप्पा. हवा दमट हाय, आन् मळ्यातल्या मोटारी चालू हायत, त्यानं असंल."

 तुम्ही म्हणालात, "मोटारीची खरखर येगळी असती." आणि सेट बंद केलात.

आता जे लिहितो ते मला तुम्ही गेल्यावर कळलं. तुमची बातमी आली त्या दुपारी कौसल्या चुलीपुढं बसली. मग म्हणाली, "एक सांगायचं राहिलंय." आषाढात मी कचेरीत गेलो होतो त्या दिवशी तुम्ही दौंडला येऊन गेलात. सेट बघितलात, बाहेर आलात, पडवी बघितलीत. पत्र्याला बोटानं वाजवलंत. पत्रा आणि एरियल यांच्यामध्ये हातानं अंतर मोजलंत. कौसल्या बाळाला घेऊन दारात उभी होती. तिला विचारलंत, "गळतं का गं?"

ती म्हणाली, "एका कोपऱ्यात."

तुम्ही वर चढून तो कोपरा डांबरानं बुजवलात. उतरताना म्हणालात, "पोरी, पाऊस सरला की हे पत्रं पल्याडच्या भितीला घेऊ. आत्ता लेकराला भिजवू नगं. किसनला मी बोलतो."

तुम्ही मला बोललात, पण पत्र्याबद्दल नाही. त्या आठवड्यात तुम्ही शिरूरचा खांब आणखी एक पाइप जोडून उंच केलात, भर पावसात, एकट्यानं. मला वाटलं, आप्पा वेडे झालेत, इतका उंच खांब वाऱ्याला टिकायचा नाही. त्यानंतर सेटवर आलात आणि तिसऱ्यांदा विचारलंत. या वेळी तुमचा आवाज मऊ होता.

"किसन, तुज्याकडं काय असंल तर सांग. मी सायबाला सांगनार न्हाई."

मी म्हणालो, "काय असतं तर सांगितलं नसतं का आप्पा?"

म्हणजे तुम्ही बघून आला होता, मोजून आला होता, आणि तरी वाट बघत होता की मी आपल्या तोंडानं सांगेन. कौसल्येला वाटलं तुम्ही मला बोललात. तुम्हाला वाटलं ती मला बोलली असेल. आणि मला वाटलं कुणालाच काही माहीत नाही. आम्ही त्या पत्र्याखाली निवांत झोपत होतो. मला तुमचा राग येतो, आप्पा. तुम्ही माझ्या थोबाडीत मारून पत्रे उतरवायला लावले असते तर मी आठ दिवस फुगलो असतो आणि मग उतरवले असते. तुम्ही मला माझ्या इभ्रतीवर सोडलंत. ती तेवढी नव्हती.

भाद्रपदात तीन दिवस पाऊस उघडला नाही. चौथ्या दिवशी सकाळी सहाचा आकडा कसाबसा ऐकू आला. पाणी चढत होतं, पण खुणेच्या खाली होतं. दहाला मी सेटपुढं बसलो. खरखर. एकदा माझं नाव आल्यासारखं वाटलं, मग नुसती खरखर. फोन दोन दिवस मेलेला. बाहेर आलो तर भीमेचं पाणी नेहमीच्या रंगाचं, नेहमीच्या वेगानं चाललेलं. वस्तीतल्या बाया धुणं धूत होत्या. मला काय सांगायचं ते कळेना. ऐकू आलं नाही म्हणून पळा, असं कसं सांगणार? मी परत आत गेलो आणि दीड तास त्या खुर्चीतून उठलो नाही. डोक्यावर पत्रे वाजत होते. त्यांच्या आवाजात सेटचा आवाज ऐकू येत नव्हता, आणि तरी मी तिथंच बसून होतो.

साडेअकराला तुम्ही आलात, एकदम स्वच्छ.

"दौंड, दौंड. किसन, ऐकतोस का? ओव्हर."

"ऐकतोय आप्पा. कुठनं बोलताय?"

"न्हावऱ्याच्या म्होरल्या टेकाडावरनं. शिरूरवरनं पोचंना म्हनून लहान सेट घिऊन आलो. ध्यान दे. पानी खुनंच्या वर दोन हात गेलंय आन् थांबाया तयार न्हाई. आकडा लिव्ह."

मी लिहिला. तुम्ही माझ्याकडून परत वदवून घेतलात, दोनदा. मग मला काय झालं माहीत नाही. शिरूरपासून त्या टेकाडापर्यंत पावसात, सायकलीवर, पाठीवर सेट. तुम्ही का आलात ते मला लख्ख दिसलं. मी म्हणालो, "आप्पा, एक सांगायचंय."

"पान्याबद्दल हाय का?"

"न्हाई."

"मग आत्ता नगं. बॅटरी उतरलीया. आदी लोकान्ला उठीव. मी दोनच्या आकड्याला माघारी जातो."

"ओढा भरला असंल आप्पा. थांबा तिथंच."

"येताना मांडीएवढा हुता. आकडा चुकवून कसं चालंल? पानी किती चढनार ते..." आणि खरखर सुरू झाली.

मी धावलो. कचेरीतून दोन शिपाई आले, रेल्वेतली माणसं आली. वस्तीतली म्हातारी माणसं हलायला तयार नव्हती, नदी तर नेहमीसारखीच दिसत होती. मी त्यांच्या पाया पडलो. दोनच्या आत सगळी वस्ती शाळेत नेली. संध्याकाळी पाणी आलं तेव्हा झोपड्यांचे कूड एकामागून एक नुसते मोडल्यासारखे बसत गेले. जनावरं गेली. माणूस एकही गेला नाही.

दोनला मी सेटपुढं होतो. तुम्ही आला नाहीत. सहाला आला नाहीत. आणि आप्पा, मी स्वतःशी काय म्हणालो ते सांगतो. म्हणालो, आप्पा बोलत असणार, आपल्यालाच ऐकू येत नाही. दोन दिवस मी त्या खरखरीपुढं बसून तेच म्हणत राहिलो. माझ्या हातानं केलेली खोट मला त्या दोन दिवसांत मोठा आधार झाली.

तिसऱ्या दिवशी पोलिसानं येऊन सांगितलं. सायकल ओढ्यातल्या बाभळीला अडकलेली मिळाली, तुम्ही तिच्या पुढं अर्ध्या कोसावर. सेट मात्र टेकाडावर, खडकाच्या आडोशाला, प्लॅस्टिकच्या पोत्यात गुंडाळून, वर दगड ठेवलेला. त्यात पाण्याचा थेंब गेला नव्हता.

कौसल्येनं आपलं सांगितलं, मी माझं सांगितलं, आणि त्याच दुपारी आम्ही दोघांनी पत्रे उतरवले. बाळ रडत होतं. ताण जागेवर बांधला, खांब सरळ केला. शिरूरला तुमच्या जागी तात्पुरता माणूस आला होता. त्याला हाक मारली. त्यानं आकडा सांगितला, त्याचा आवाज इतका मोठा आला की कौसल्या दचकली. तो म्हणाला, "दौंड एकदम क्लिअर येतंय. काय केलं हो तुम्ही?" मी सेट बंद केला आणि खाली बसलो.

मी सगळं लिहून साहेबांना दिलं. साहेबांनी वाचलं आणि कागद माझ्याकडं सरकवला. म्हणाले, "ओढ्याला पूर आला, माणूस गेला. यात पत्र्याचा काय संबंध? घरी जा. कुटुंबाचं बघ." ते चांगल्या मनानं म्हणाले. मी कागद परत त्यांच्या टेबलावर ठेवला. अजून उत्तर आलेलं नाही. पाऊस संपायला महिना आहे. वर ढग तसेच आहेत, आणि रोज सहाला मी त्याच खुर्चीत बसतो.

काल मी तुमच्या घरी गेलो. दहाव्याला गर्दीत जे जमलं नाही ते करायला गेलो होतो. आक्का, तुमच्या मंडळी, ओसरीवर बसल्या होत्या, धाकटी धान्य निवडत होती. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, पत्र्यापासून टेकाडापर्यंत. तीनदा विचारलं तेही सांगितलं. मधे एकदा धाकटीचा हात थांबला. आक्का माझ्याकडं बघत नव्हत्या, समोरच्या भिंतीकडं बघत होत्या. भिंतीवर खिळ्याला तुमची पट्ट्याची पिशवी होती, पकड-पान्यांची.

माझं सांगून झालं. मग आक्कांनी विचारलं, "लेकरू कसं हाय?"

"बरं हाय."

"आता कुठं ठिवलंय?"

"रेल्वेलाइनीपल्याड. बहिणीकडं."

"कोरडं हाय का तितं?"

"व्हय."

त्यांनी मान हलवली आणि उठून आत गेल्या. मला वाटलं पाणी आणतील. मी उभा राहिलो. आतून भांड्याचाही आवाज आला नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही, मग धाकटी आत जाऊन बाहेर आली आणि उंबऱ्यात उभी राहिली.

"आई म्हनती," ती म्हणाली, "या आता."

आपल्याकडं निरोप देतानाही 'या'च म्हणतात. पुन्हा या, की जा, यातलं आक्कांनी काय म्हटलं होतं, ते त्या पोरीला विचारायचं माझं धाडस झालं नाही.